भिंत म्हणजे नुसता आडोसा नाही

"भिंती पाडा, घर मोकळा श्वास घेईल" असा एक मेसेज फिरतोय. काल तो लातूरहून आमच्या वहिनींनी पाठवला आणि खाली लिहिलं, रविवारी मिस्त्री येतोय. म्हणून लिहायला बसले, नाहीतर सोडून दिलं असतं.

सगळ्यात घातक वाक्य हे: "मधल्या भिंती नुसता आडोसा असतात, कुठलाही मिस्त्री दोन दिवसात काढतो." अहो पण कुठल्या घरातल्या? कॉलम-बीमवरच्या फ्लॅटमधली चार इंची भिंत बहुतेक वेळा आडोसाच असते, मान्य. आमचं माहेरचं घर जुनं, कॉलम एकही नाही, स्लॅब सरळ नऊ इंची भिंतींवर टेकलेला, मग किचन आणि हॉलमधली भिंत काढल्यावर तो धरणार कोण? आणि लगेच पडला नाही म्हणजे निभावलं असंही नाही, भूकंपाचा आडवा धक्का ह्याच भिंती झेलतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ६.२ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली, म्हणजे मातीच्या जड सपाट छतांखाली, हजारो माणसं गेली. आमचं घर विटांचं आहे, कबूल, पण त्याच जिल्ह्यात इंजिनिअरला न दाखवता भिंतीवर घण घालायचा?

"घर थंड राहतं" म्हणे. मे महिन्यात ४२ डिग्रीत एक कूलर हॉल, किचन सगळं गार करणार का? वर मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट आईच्या पलंगापर्यंत, तिला आधीच दमा.

"जुने वाडे मोकळेच होते" हे अर्धं खरं. चौक मोकळा होता, गरम हवा वर निघून जायची. पण स्वयंपाकघर, देवघर, माजघर, सगळ्यांना भिंती होत्याच की, त्याही चांगल्या जाड.

राहिलं "भिंत गेली की माणसं जवळ येतात, ऑफिसात बघा." बघितलंय. हार्वर्डच्या बर्नस्टाईन आणि टर्बन यांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, दोन कंपन्यांतल्या लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलेलं, ओपन ऑफिस झाल्यावर समोरासमोरचं बोलणं जवळपास ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. घरात दहावीचं पोरगं आहे, ते कानात हेडफोन घालूनच बसणार.

वहिनींना किचनमध्ये उजेड पाहिजे, ते अगदी बरोबर आहे, दिवसासुद्धा तिथं लाईट लावावा लागतो. मग आहे त्या दाराची झडप काढा, तिथं वर लिंटेल आहे, म्हणजे वरचं वजन पेलणारी आडवी पट्टी. दादाला फोन केलाय, रविवारी मिस्त्री नको, आधी इंजिनिअर बोलव, आणि शनिवारी मी येतेय.