गॅस भरायला होकार देण्याआधी

पाचशे-सहाशे लिटरचा साइड-बाय-साइड किंवा फ्रेंच डोअर फ्रिज एक दिवस नीट थंड करेनासा होतो. मेकॅनिक येतो, बाजूला हात लावून बघतो आणि सांगतो, ‘गॅस गेलाय, भरावा लागेल.’ लाखभर रुपयांच्या वस्तूचं निदान एवढ्यावर होत असेल तर घरमालकाने ते मान्य करू नये, असं माझं ठाम मत आहे. गॅस बंद नळ्यांमधून फिरतो: कॉम्प्रेसर, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या), कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी), कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर. वापरामुळे तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती जागा दाखवणं हे मेकॅनिकचं काम आहे. त्याआधी ज्या गोष्टी तपासायच्या त्यांतल्या निम्म्या घरच्या घरी तपासता येतात.

सुरुवात थर्मामीटरपासून करा. पाण्याने भरलेल्या ग्लासात साधा डिजिटल थर्मामीटर बुडवून तो फ्रिजच्या मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास. दारावरच्या डिस्प्लेवर बऱ्याचदा आपण लावलेलं तापमान दिसतं, आतलं खरं तापमान नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. डिस्प्लेवर एरर कोड आला असेल तर प्लग काढण्याआधी त्याचा फोटो काढा. वीज बंद केली की बरेचदा तो कोड पुसला जातो आणि मेकॅनिकच्या हातातला सर्वात मोठा धागा निसटतो.

आता सर्वात जास्त दिसणारी तक्रार. फ्रीजर ठीक आहे, आईस्क्रीम दगडासारखं आहे, पण फ्रिजच्या कप्प्यात दूध नासतंय, कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडतेय. इथे गॅसचं नाव काढायचंच कारण नाही. यातल्या बऱ्याच मॉडेलांत कूलिंग कॉइल एकच असतं, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड. तिथली गार हवा पंख्याने ढकलून डँपरवाटे, म्हणजे हवेच्या झडपेतून, फ्रिजच्या भागात पाठवली जाते. फ्रीजर उणे १८ ला पोचत असेल तर कॉम्प्रेसर आणि गॅस आपलं काम करताहेत. अडतेय ती हवा. (दोन कॉइलवाली मॉडेलंही असतात, त्यांचा हिशोब वेगळा. पुस्तिकेत बघून घ्या.)

हवा अडते ती बहुतेक वेळा बर्फामुळे. फ्रॉस्ट-फ्री म्हणजे बर्फ साचतच नाही असं नव्हे. कॉइलवर दव गोठतच असतं, ठराविक तासांनी कॉइलखालचा हीटर चालू होऊन ते वितळवतो आणि पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जाऊन वाफ होऊन उडतं. हीटर, डीफ्रॉस्ट सेन्सर किंवा बायमेटल (तापमानानुसार उघड-बंद होणारा स्विच), थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर उडणारा) आणि मुख्य पीसीबी (सर्किट बोर्ड) या डीफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या, साखळीतला कुठलाही एक दुवा तुटला की बर्फ वितळत नाही. काही दिवसांत कॉइलचा ठोकळा होतो, हवेला वाट उरत नाही, आणि पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर आवाज येऊ लागतो. तो आवाज आणि फ्रिजच्या भागातली वाढती ऊब एकत्र आली तर निदान जवळजवळ झालंच.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं पूर्ण २४ तास उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा. मग फ्रिज चालू करा. आठवडा-दोन आठवडे मस्त थंड झालं आणि पुन्हा तीच रड सुरू झाली, तर दोष डीफ्रॉस्टच्या साखळीत आहे. गळती झालेला गॅस दार उघडं ठेवल्याने परत येत नाही. ही एक परीक्षा केली तरी कितीतरी घरांचे गॅस भरण्याचे हजारो रुपये वाचतील. बर्फ लवकर सुटावा म्हणून सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर मात्र अजिबात घालू नका. कॉइलची नळी ॲल्युमिनियमची आणि पातळ असते. तिला भोक पडलं की मग गॅस खरोखरच जातो.

पुढचं काम मल्टिमीटरचं, म्हणजे विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरचं. प्लग काढून, त्या-त्या भागाचा कनेक्टर सोडवून मोजायचं. २३० व्होल्टवर २०० वॉटचा हीटर असेल तर रोध साधारण २६५ ओहम येतो. वॉट वेगळे असतील तर व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटलाय. थर्मल फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवा. तो उडाला असेल तर त्याच रेटिंगचा नवा घाला, वायर जोडून बायपास करू देऊ नका. हीटर बंदच झाला नाही तर आतलं प्लॅस्टिक वितळू नये म्हणून तो तिथे बसवलेला आहे, आणि फ्यूज का उडाला हेही शोधावं लागतं. सेन्सरची परीक्षा बर्फाच्या पाण्यात होते: गार होईल तसा त्याचा रोध सलग वाढत गेला पाहिजे. उड्या मारत असेल किंवा तिथेच अडकला असेल तर बदला. भाग स्वस्त असतो, पण तो चुकीचं तापमान सांगत असला की अख्खा फ्रिज चुकीचं वागतो.

भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचतं किंवा फ्रीजरच्या तळाला बर्फाची लादी होते, तेव्हा पाण्याची नळी तुंबलेली असते. कोमट पाणी मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडा, खालच्या ट्रेमध्ये पाणी पडेपर्यंत. उकळतं पाणी नको.

हवेच्या जाळ्यांसमोर डबे रचणं हीसुद्धा ‘बिघाडा’ची मोठी वाट आहे. गणपती-दिवाळीत फ्रिज ठासून भरला जातो, जाळी बंद होते, पुढचे कप्पे तापतात आणि जाळीला टेकलेली भाजी गोठते. चार बोटं जागा सोडा.

कंडेन्सरबद्दल गैरसमज फार आहेत. बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते, म्हणून बाजू गरम लागणं हा दोष नाही, उलट फ्रिज चालू असल्याची खूण आहे. मोठ्या मॉडेलांत मात्र खाली मागच्या बाजूला पंख्यासह कॉइल असतं आणि ते धूळ ओढतं. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर त्या धुळीला चिकटवून टाकतो, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी प्लग काढून, मागचं कव्हर उघडून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने ते साफ करा. आणि इंटिरियर डिझायनरना एक कळकळीची विनंती: सुटा उभा राहण्यासाठी बनवलेला फ्रिज प्लायवूडच्या कपाटात घट्ट कोंडू नका. पुस्तिकेत दिलेली मोकळी जागा, सहसा बाजूंना ५ सेंटिमीटर आणि वर त्याहून जास्त, ही शोभेसाठी दिलेली नसते. उष्णता बाहेर पडली नाही तर कॉम्प्रेसर सतत पळतो आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी तोच दमतो.

दाराच्या रबराची परीक्षा नोटेने करा. दारात नोट धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंनी. सहज सुटली तिथे हवा जातेय. कोमट साबणाच्या पाण्याने खाचा पुसा. रबर वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरने हलकं गरम करून हाताने जागेवर बसवा. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत फ्रेंच डोअरच्या मधल्या पट्टीवर पाणी धरतं तेव्हा रबराआधी सेटिंग बघा: काही मॉडेलांत त्या पट्टीतला छोटा हीटर एनर्जी सेव्हरच्या बटणाने बंद होतो. जून ते सप्टेंबर ते बटण बंदच ठेवा.

बर्फाचे तुकडे पोकळ किंवा अर्धवट येत असतील तर पाण्याचा दाब मोजा. आरओच्या टाकीतून येणारी लाइन बऱ्याचदा पुरेसा दाब देत नाही. फ्रिजमधला कार्बन फिल्टर वास आणि क्लोरीन कमी करतो, टँकरच्या पाण्याचा खारटपणा काढत नाही. तो सहा महिन्यांनी बदला.

हे सगळं ठीक निघालं, फ्रीजरही गार होत नाही, कॉम्प्रेसर अखंड चालतोय आणि कूलिंग कॉइलच्या फक्त पहिल्या एक-दोन वेढ्यांवर दव धरतंय, तेव्हा गॅसचा संशय योग्य. पण मग काम पूर्ण व्हायला हवं. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, ज्वलनशील. प्रमाण अगदी थोडं, बऱ्याच मॉडेलांत शंभर ग्रॅमच्याही आत, आणि नेमका आकडा आतल्या किंवा मागच्या प्लेटवर छापलेला असतो. चालू फ्रिजमध्ये या गॅसचा कमी दाबाचा भाग वातावरणापेक्षाही खाली जातो, त्यामुळे तिथे गळती असली तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून ‘थोडा टॉप-अप करतो’ हे कामच चुकीचं. राहिलेला गॅस खिडकी उघडून, गॅसची शेगडी बंद करून सुरक्षित बाहेर काढायचा, नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधून बंद करायची, नवा फिल्टर ड्रायर (नळ्यांमधला ओलावा शोषणारा भाग) बसवायचा, व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा आणि ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. गॅस आत असताना ज्योत पेटवणारा माणूस घरात नको. त्याऐवजी आर१३४ए हा दुसरा गॅस भरू देऊ नका, कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेला नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला (गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या) थेट २३० व्होल्ट देऊन ‘चालतो का बघू’ म्हणणाऱ्यालाही थांबवा. तो तीन फेजचा असतो आणि फक्त त्याच्या पीसीबीवरूनच चालतो. तीन पिनांमधला रोध जोडीजोडीने सारखा आला तर आधी पीसीबी तपासा. कॉम्प्रेसरवरची १० वर्षांची वॉरंटी बहुधा फक्त त्या भागाची असते, पीसीबी, गॅस आणि मजुरी वेगळी, हेही आधीच विचारून घ्या.

काम झालं की बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे सापडली, ड्रायर बदलला का, कुठला गॅस भरला आणि किती ग्रॅम.