हळदीचं पाणी, निम्मे कॅन्सर आणि आप्पांची बाग

भावकीच्या ग्रुपवर आप्पांनी परवा एक मेसेज टाकला. तोच मला शाळेच्या जुन्या ग्रुपवर आणि शेजारच्या मेडिकलवाल्याकडूनही आला. मजकूर थोडक्यात असा: 'लिव्हरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ही निव्वळ लूट आहे. दारू न पिणाऱ्याला लिव्हरचा कॅन्सर होत नाही. सोनोग्राफीत निम्मे कॅन्सर दिसतच नाहीत, उलट तिच्या किरणांनी वाढतात. सापडला तरी उपाय नाही. त्यापेक्षा रोज सकाळी सांगलीच्या हळदीचं पाणी प्या, लिव्हर धुऊन निघेल.'

आधीच सांगतो, मी मिरजेत एका सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करतो. माझी भाकरी त्याच तव्यावर भाजते, तेव्हा माझंही म्हणणं पारखून घ्या. पण आप्पांना स्वतःला पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी आहे आणि लिव्हर सिरोसिसकडे, म्हणजे व्रणांनी घट्ट होण्याकडे, झुकलंय. (त्यांना विचारूनच लिहितोय.) म्हणून गप्प बसवेना.

किरणांचं एका ओळीत संपतं. सोनोग्राफीत किरण नसतातच, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरी असतात. म्हणून तर गर्भारणीचीही करतात. एक्स-रे आणि सीटीची गोष्ट वेगळी.

दारूचं म्हणाल तर आप्पा माळकरी आहेत. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, शुगर आणि जाडेपणातून आलेलं फॅटी लिव्हर, यातल्या कशानंही वर्षानुवर्षं लिव्हर जखमी होत राहतं, घट्ट होतं आणि त्या व्रणांत कॅन्सर उगवतो. बी तर त्याहून खोडकर. त्याचा विषाणू पेशीच्या डीएनएतच घुसून बसतो, त्यामुळे सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. 'एसजीपीटी (लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं' म्हणून निर्धास्त होऊ नका. सिरोसिस असूनही ते नॉर्मल येऊ शकतं. आणि हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा झाला तरी सिरोसिस आधीच झालेला असेल तर तपासणी सुटत नाही.

आता 'निम्मे दिसत नाहीत'. मेसेजमधलं हे एकच वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं. सिरोसिसच्या रुग्णांवरचे 32 अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये हिशोब मांडला गेला. कुठल्याही टप्प्यावरचा कॅन्सर सोनोग्राफीनं 84 टक्के वेळा पकडला, पण सुरुवातीचा, बरा होण्याजोगा कॅन्सर फक्त 47 टक्के. सोबत एएफपीची (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणाऱ्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी केली की सुरुवातीचे कॅन्सर सापडण्याचं प्रमाण 63 टक्क्यांपर्यंत गेलं. कारणं मी रोज टाइप करतो. सिरोसिसचं लिव्हर मुळातच गाठीगाठीचं, त्यात नवी गाठ ओळखायची कशी? पोटावर चरबी असली, आतड्यात गॅस असला की बरगड्यांखालचा भाग दिसतच नाही.

मग करायची कशाला? आप्पा, तुम्हीच सांगा. छाटणीनंतर द्राक्षबागेत एक फेरी मारली, डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) दिसला नाही, म्हणून हंगामभर बागेकडे फिरकला नाहीत असं कधी झालंय? एका फेरीत पान सुटतं म्हणून तर दुसरी फेरी. कॅन्सरची गाठही तशीच, दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेते, काहींची लवकर होते. आज एक सेंटिमीटरची सुटली तर पुढच्या खेपेला थोडी मोठी, पण बहुधा अजून हाताबाहेर न गेलेली सापडते. सहा महिने आले ते यातून. दर तीन महिन्यांनी करून पाहिलं, तर बारीक गाठी जास्त सापडल्या, पण जीव जास्त वाचले नाहीत.

जीव वाचतात का, हे शांघायमध्ये पाहिलं गेलं. हिपॅटायटिस बी किंवा जुनाट लिव्हरच्या आजाराचे 18,816 लोक, निम्म्यांची सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी. 2004 मध्ये निकाल आला: त्या गटात लिव्हर कॅन्सरचे मृत्यू 37 टक्के कमी, तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम 58 टक्के झाल्या असताना. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, तेही खरे. पण 'काही उपयोग नाही' असं त्यातून निघत नाही.

उपाय नाही, हे उशिरा आलेल्यांचं दुःख आहे. लिव्हरच्या आत वेदना कळत नाही, दुखतं ते वरचं आवरण ताणल्यावर. म्हणजे दुखायला लागेपर्यंत थांबणारा उशिराच येतो. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ सुई घालून जाळता येते, काहींची कापून काढतात, काहींना लिव्हर बदलता येतं. आणि सोनोग्राफीत एक सेंटिमीटर किंवा मोठी गाठ दिसली की लगेच कॅन्सर म्हणत नाहीत. पुढे औषध टोचून सीटी किंवा एमआरआय होतं, त्यात गाठ आधी उजळते आणि नंतर फिकी पडते का ते पाहतात. त्याहून बारीक असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

हळदीबद्दल सांगलीकरानं वाईट बोलू नये. भाजीत घाला, दुधात घाला. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी, विशेषतः मिरीचा अर्क मिसळलेल्या, लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका आणि इटलीत झाल्या आहेत. आधीच दुखावलेल्या लिव्हरवर हा प्रयोग नको.

लुटीचं मात्र निम्मं मान्य. धडधाकट माणसाला, साध्या फॅटी लिव्हरला, पॅकेजात बसवून दर सहामाही बोलावणं चूकच. हे सिरोसिसवाल्यांसाठी आणि बीच्या ज्या रुग्णांना डॉक्टर सांगतील त्यांच्यासाठी आहे.

आप्पा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, बरोबर सहा महिन्यांचं अंतर. दोन्हींच्या आधी एकेक दिवस मिरजेला या. येताना जुने सगळे रिपोर्ट आणा, गाठ नवी की जुनी ते त्यावरूनच कळतं. आणि उपाशीपोटी या, वाटेत चहासुद्धा नको.