क्वार्टर म्हणजे नक्की किती, हे पोरांना कोण सांगणार?

पुण्यातल्या पोर्शे अपघातानंतर (मे २०२४, कल्याणीनगर) दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये, दोन जीव गेलेत. पण घरच्या ग्रुपवर त्यावरून वाद पेटला की पबच्या वेळा, परवाने आणि वयाची अट यातच फिरत राहतो. अहो, वयाची अट आपल्याकडे महाराष्ट्रात आधीच अमेरिकेपेक्षा कडक आहे, बिअरला २१ आणि कडक दारूला २५, इथे अमेरिकेत सरसकट २१. पोरं दोन्हीकडे पितात.

इथे आमच्या मुलीला कॉलेज सुरू व्हायच्या आधी घरूनच अल्कोहोलएज्यू नावाचा ऑनलाइन कोर्स करावा लागला, बऱ्याच कॉलेजांत नव्या मुलांना तो सक्तीचा असतो. मी शेजारी बसून बघितला. त्यात हिशोब शिकवतात: एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, साधारण ३५५ मिलीचा ५ टक्केवाला बिअरचा कॅन. मग मी आपल्याकडचं गणित मांडलं. ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बिअर, जी पोरं "एकच तर घेतली" म्हणून सांगतात, ती जवळजवळ तीन ड्रिंक्स भरते, आणि रम-व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर चारच्या वर! दोनेक तासांत मुलीने चार किंवा मुलाने पाच घेतली की इथे त्याला बिंज म्हणतात.

आणि मित्र शुद्धीत नसेल तर "झोपू दे, सकाळी उतरेल" हे सगळ्यात घातक, कारण पोटातली दारू रक्तात जातच राहते आणि उलटी श्वासनलिकेत गेली की संपलं. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, अँब्युलन्सला फोन करायचा. इथे बऱ्याच कॉलेजांत असा फोन केल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होत नाही. आपल्याकडे रेक्टरला कळलं तर हॉस्टेल सुटेल म्हणून पोरं लिंबूपाणी पाजत बसतात.

कोर्सने सगळं सुटत नाही. ३० विद्यापीठांत तपासून बघितलं, २०११ ला निकाल छापून आला, पहिल्या सेमिस्टरला पिणं कमी झालं पण पुढच्या सेमिस्टरला तो परिणाम टिकला नाही. तरी मला तो हवाय, कारण घर नुकतंच सुटलेलं असतं तेच दिवस सगळ्यात धोक्याचे. मुक्तांगणसारखी संस्था १९८६ पासून व्यसनात अडकलेल्यांना बाहेर काढतेय, पण अडकायच्या आधीचं काम कॉलेजचं आहे ना! अ‍ॅडमिशनच्या वेळीच, मराठीत, मोबाइलवर, क्वार्टर-खंब्याच्या मापात शिकवा, आणि १०८ ला फोन करणाऱ्या पोराला हॉस्टेलमधून काढणार नाही हे कॉलेजने लेखी द्यावं, नाहीतर शिकलेलं पोरगंसुद्धा ऐनवेळी फोन करणार नाही.