गोळी हाडाला शिवत नाही

“किडनीच्या पेशंटला फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या देतात, त्या हाडातला फॉस्फरस ओढून काढतात. हाडं भुसभुशीत होतात. गोळ्या सोडा, दूध आणि डिंकाचे लाडू खा.” आमच्या भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरला आणि अण्णांनी आठ दिवस गोळीच घेतली नाही. ते केजहून आठवड्यातून तीनदा अंबाजोगाईला डायलिसिसला जातात.

‘हाडातला फॉस्फरस ओढतात’ हेच मुळात चूक. अण्णांची गोळी सेव्हेलॅमर. ती रक्तात उतरतच नाही. आतड्यात जेवणातला फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच एक रूप, धरून ठेवते आणि शौचावाटे निघून जाते. म्हणून तर ती जेवतानाच घ्यायची. दोन घास भाकरी खाल्ली की अण्णा चंचीतून पांढरी लांबट गोळी काढतात, न चावता घोटभर पाण्यासोबत गिळतात. उपाशीपोटी घेतली तर तिला धरायला काही नसतं.

‘हाडं भुसभुशीत होतात’ हे खरं आहे, पण ते किडनीच्या दुखण्यामुळे, गोळीमुळे नाही. किडनी थकली की फॉस्फेट रक्तात साचतो, ड जीवनसत्त्व कामाचं बनत नाही, कॅल्शियम उतरतं. मग गळ्यातल्या पॅराथायरॉईडच्या चार बारीक ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि ते हाडातलं कॅल्शियम उपसतं. वर रक्तवाहिन्यांत चुना साचतो तो वेगळाच.

‘डायलिसिस चालू आहे, मग गोळी कशाला?’ असंही काकांनी खाली लिहिलं होतं. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फेट निघतो. तेवढा तर एका दिवसाच्या जेवणातून पोटात जातो! तीन पाळ्यांत सात दिवसांचा हिशेब कसा बसणार?

दूध-लाडवाचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ग्लासभर दुधातच २०० मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस, आणि लाडवातल्या खारीक-खोबऱ्यानं पोटॅशियम वाढतं, जे थेट हृदयावर येतं.

मेसेजमागे थोडं तथ्य आहे, ते लपवत नाही. पूर्वी याच कामासाठी ॲल्युमिनियमच्या गोळ्या देत, त्यांनी खरंच हाडं बिघडायची. कॅल्शियमच्या गोळ्याही बेतानंच द्याव्यात, असं केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात आहे. फॉस्फेट फार खाली गेला तरी हाड कच्चं राहतं. आणि या गोळ्यांनी हाड मोडायचं टळतं, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणूनच डोस रक्ताच्या रिपोर्टवर ठरतो, ग्रुपवर नाही.

अण्णांनी गोळी सोडायचं खरं कारण नंतर कळलं. पोट साफ होत नव्हतं, आणि डॉक्टरांना ते सांगायची लाज वाटत होती. या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, त्यावर औषध मिळतं. मीच सांगितलं, डॉक्टरांनी लगेच लिहून दिलं. परवाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर अण्णांनी आधी चंची उघडून मांडीवर ठेवली, मग वरणभात कालवला.