गणित डोळ्यांचा विषय नाही: त्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री ताईचा फोन आला. "अगं, तो मेसेज वाचलास का? मला वाटतं, हिला गणित सोडायलाच लावावं. पोरीच्या जिवाला उगाच घोर नको."

माझी भाची नववीत आहे. जन्मापासून तिला दिसत नाही. गणित तिच्या आवडीचा विषय आहे, आणि हे ताईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही मोबाइलवर आलेल्या वीस ओळींनी तिचं मन डळमळलं. मी एकवीस वर्षं शाळेत गणित शिकवते आहे. त्या ओळी मी तीनदा वाचल्या आणि मग मला झोप लागली नाही.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं सांगते. गणित हा डोळ्यांचा विषय आहे, अंध मुलांना तो झेपत नाही. आता स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, सगळं वाचून दाखवतो, त्यामुळे गणिताच्या वेबसाइट आणि ॲप या मुलांसाठी वेगळ्या पद्धतीने बनवायची गरज नाही. तसं करणं महागाचं आहे आणि मूठभर मुलांसाठी परवडणारं नाही. शिवाय एआय आलंय, फोटो काढला की उत्तर मिळतं. आणि शेवटी, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची सवलत असताना ती न घेणारे पालक मुलांचा छळ करतात.

पहिलं आणि दुसरं म्हणणं एकमेकांशी भांडतंय, हे पुढे पाठवणाऱ्या एकालाही दिसलं नाही. सगळं वाचून दाखवलं जात असेल तर झेपत का नाही? आणि निसर्गतःच झेपत नसेल तर वाचून दाखवण्याचा उल्लेख कशाला?

स्क्रीन रीडर सगळं वाचतो, या वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण नुकसान तिथे होतंय आणि ते डोळस माणसाला दिसतच नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने एका वेबसाइटवर सराव चाचणी उघडली. थोड्या वेळाने मला हाक मारली, "मावशी, चारही पर्याय सारखेच आहेत." मी जाऊन ऐकलं. "पर्याय एक, ग्राफिक. पर्याय दोन, ग्राफिक. पर्याय तीन, ग्राफिक." बनवणाऱ्यांनी प्रत्येक अपूर्णांकाचं, प्रत्येक वर्गमुळाचं चित्र करून चिकटवलं होतं. स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो. चित्रात काय आहे हे कोणी लिहून ठेवलं नसेल तर तो तरी काय वाचणार? मी त्यांना ईमेल पाठवली. दोन आठवड्यांनी दुरुस्ती केल्याचं उत्तर आलं. आम्ही पुन्हा उघडलं. आता चारही पर्यायांवर तो म्हणत होता, "समीकरण." पुढचा प्रश्न बिंदू माउसने ओढून संख्यारेषेवर ठेवण्याचा होता. तो कीबोर्डवरून हलतच नव्हता. घड्याळ मात्र चालू होतं, आणि वेळ संपल्यावर निकाल आला: वीसपैकी तीन. हा तीनचा आकडा ताईच्या डोक्यात बसला आहे. तो माझ्या भाचीचा नाही, त्या वेबसाइटचा आहे.

चित्राऐवजी साधी अक्षरं टाइप केली म्हणजे झालं, असं वाटत असेल तर तेही खरं नाही. "तीन, मग कंसात एक्स उणे पाच" ही राशी घ्या. बरेच स्क्रीन रीडर नेहमीच्या सेटिंगमध्ये कंस आणि मधली आडवी रेघ विरामचिन्हं समजून गाळतात. साध्या गद्यात ते बरोबरच आहे, नाहीतर कानाला त्रास होईल. पण इथे पोरीच्या कानावर पडतं, "तीन एक्स पाच." उणे गेलं, कंस गेला. घातांक नुसता वर सरकवून लिहिला असेल तर एक्सचा वर्ग "एक्स दोन" होतो. आणि सगळी चिन्हं नीट उच्चारली तरी "एक भागिले एक्स अधिक एक" याचे दोन अर्थ निघतात. छेदात फक्त एक्स आहे की एक्स अधिक एक? एक्सची किंमत १ धरली तर एका अर्थाने उत्तर २ येतं, दुसऱ्याने अर्धा. डोळस मुलाला रेघेची लांबी बघून अर्थ कळतो. ती लांबी कानापर्यंत पोचवायची असेल तर सूत्राची रचना पानात लिहावी लागते: हा अंश इथून इथपर्यंत, हा छेद इथून इथपर्यंत.

आणि ती लिहिता येते. त्यासाठी मॅथएमएल नावाची पद्धत १९९८ पासून वेबचं मान्य प्रमाण आहे. क्रोममध्ये तिचा आधार २०२३ च्या जानेवारीत परत आला, फायरफॉक्समध्ये तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आणि त्याच्या जोडीला मॅथकॅट हे मोफत पूरक असलं की तेच सूत्र "अपूर्णांक, अंश एक, छेद एक्स अधिक एक, अपूर्णांक समाप्त" अशा धर्तीवर ऐकू येतं. हा उच्चार आम्ही इंग्रजीत ऐकतो, ती अडचण आहेच. पण बाणांच्या कळांनी सूत्राच्या आत शिरता येतं, नुसता छेद पुन्हा ऐकता येतो, मागे येता येतं. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उठवून दाखवणारं यंत्र, असेल तर तेच बोटांखाली उमटतं.

गणित डोळ्यांचा विषय आहे, या म्हणण्याला मी एकाच माणसाचं उदाहरण देते, कारण तो आपल्या पुण्यात वाढला. टी. व्ही. रामन. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुढे घरच्यांनी पुस्तकं वाचून दाखवली, यांनी ती ऐकून अभ्यास केला. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून गणितात पदवी, मुंबईच्या आयआयटीत गणित आणि संगणकशास्त्रात एमएस्सी, आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी. १९९४ सालच्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता: गणिताने भरलेला मजकूर संगणकाने कसा वाचून दाखवावा. त्या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार मिळाला.

त्यातली कल्पना मी वर्गात सांगते तेव्हा डोळस मुलंसुद्धा कान टवकारतात. घातांक आला की वाचणारा आवाज वरच्या पट्टीत जातो, पादांक, म्हणजे अक्षराच्या पायाशी लिहिलेला छोटा अंक, आला की खाली उतरतो. लांबलचक सूत्र असेल तर आतल्या मोठ्या तुकड्याला तात्पुरतं एक नाव द्यायचं, आधी सूत्राचा सांगाडा ऐकवायचा आणि तो तुकडा नंतर उलगडायचा. फळ्यावर मी वर्गसमीकरणाचं सूत्र शिकवताना दुसरं काय करते? वर्गमुळाखालच्या राशीला विवेचक म्हणा, ती वेगळी काढा, मग परत बसवा. गणित म्हणजे कोण कोणाच्या आत आहे, काय कशाला बांधलेलं आहे हे कळणं. कागदावरची मांडणी ते दाखवण्याची एक रीत आहे, आवाज दुसरी, ब्रेल तिसरी. ज्यांना आणखी नावं हवी असतील त्यांनी अठराव्या शतकातले थोर गणिती ऑयलर यांचं चरित्र वाचावं. शेवटची सतरा वर्षं त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि त्यांच्या एकूण लिखाणाचा फार मोठा भाग त्याच वर्षांतला आहे.

मेसेज लिहिणाऱ्याला फक्त पूर्ण अंध मुलं आठवली. अल्पदृष्टी असलेली मुलं त्यांच्यापेक्षा संख्येने कितीतरी जास्त आहेत आणि ती आपल्याच वर्गात, पहिल्या बाकावर, पुस्तक नाकाला लावून बसलेली असतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. संगणकावर तो पान चौपट मोठं करायचा. अक्षरं मोठी आणि स्वच्छ व्हायची, सूत्राचं चित्र मात्र फुटून धूसर व्हायचं, घातांक ३ आहे की ८ हे कळायचं नाही. आलेखात एक रेष लाल आणि एक हिरवी, नावं कुठेच नाहीत. पांढऱ्यावर फिकट राखाडी आकडे. वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता यावं यासाठीच्या, नियमांत अक्षरं आणि मागचा रंग यांत किमान साडेचारास एक इतकी तफावत सांगितली आहे. ते मोजून देणारी साधनं फुकट मिळतात, कोणी मोजत नाही एवढंच.

खर्चाचा मुद्दा लवकर आटोपते. मॅथजॅक्स ही वेबपानावर सूत्रं दाखवणारी प्रणाली मोफत आहे, मॅथएमएल मोफत आहे, एनव्हीडीए मोफत आहे. आधी शंभर प्रश्न चित्रांत बनवून मग ते पुन्हा करायचे तर खर्च होणारच, पण पहिल्यांदाच नीट लिहिले तर जादा काम फारसं नाही. आणि हा नुसता परवडण्याचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

एआयचं थोडं मान्य करते. भाची छापील पानाचा फोटो काढून फोनकडून वाचून घेते आणि त्याने तिचा वेळ वाचतो. पण फोनने एखादं उणे चिन्ह अधिक म्हणून वाचलं तर तिला ते पडताळता येत नाही, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नसतो. शिवाय मेसेज म्हणतो, "उत्तर मिळतं." डोळस मुलाने उत्तर उतरवून काढलं की आपण त्याला कॉपी म्हणतो. मग या मुलीला तेवढंच पुरे असं का धरायचं?

आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. भूमिती खरंच अवघड जाते. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका नुसत्या आवाजाने समजावणं कठीण आहे. तिथे रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवून उठावाच्या रेषा काढाव्या लागतात, हात धरून बोट फिरवावं लागतं, आणि हे करणारा शिक्षक सगळीकडे नसतो. टेलर फ्रेमवर, म्हणजे भोकांत खिळे बसवून आकडे मांडायच्या पाटीवर, लांब भागाकार करताना एक खिळा पडला की पुन्हा सुरुवात. लेखनिकाला गणिताची चिन्हं ओळखीची नसली तर सांगितलेलं एक आणि कागदावर उतरलेलं दुसरं. हे सगळं मी पाहिलं आहे. ज्या मुलाला खरोखर नको आहे त्याने सवलत घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

पण सवलत म्हणजे दार आहे, त्यातून ढकलायचं नसतं. दहावीला गणित सोडलं की पुढच्या कितीतरी वाटा पंधराव्या वर्षी बंद होतात, आणि त्या बंद झाल्याचं अठराव्या वर्षी कळतं. अमेरिकेत अब्राहम नेमेथ या जन्मांध मुलाला असंच समजावलं होतं, गणित तुझ्यासाठी नाही. त्यांनी मानसशास्त्रात एमए केलं आणि त्यात मनासारखी नोकरी मिळेना. मग बायकोने धीर दिला आणि ते गणिताकडे परतले, पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. मधल्या काळात स्वतःच्या अभ्यासासाठी त्यांनी ब्रेलमध्ये गणित लिहायची जी पद्धत बसवली, ती नेमेथ कोड म्हणून आज ओळखली जाते. त्यांना ज्यांनी समजावलं तीही भली माणसंच असणार. ताईसुद्धा भली आहे. म्हणून मला जास्त भीती वाटते.

बुधवारी संध्याकाळी मी ताईकडे गेले. भाचीच्या लॅपटॉपवर डेसमॉसचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर उघडला. हा मोफत आहे आणि स्क्रीन रीडरवर चालेल असा मुद्दाम बनवलेला आहे. तिने टाइप केलं: वाय बरोबर एक्सचा वर्ग उणे चार. मग ऑल्ट आणि टी, मग एच, या आलेख ऐकवणाऱ्या कळा; आलेख जितका वर, तितका सूर उंच. आवाज डाव्या कानात सुरू झाला, उंच, मग उतरत गेला. आलेख आडव्या अक्षाखाली गेला की त्यात खरखर मिसळते. ती खरखर सुरू झाली, सूर तळाशी जाऊन वळला, खरखर थांबली आणि सूर उजव्या कानात वर चढत गेला. तिने पुन्हा एच दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग म्हणाली, "आई, खरखर उणे दोनला सुरू होते आणि दोनला संपते. म्हणजे उकली त्याच ना?"

ताईने हेडफोन मागून घेतले आणि स्वतः ऐकलं. दोनदा. मग म्हणाली, "मला शाळेत हे कधी कळलंच नव्हतं."

शाळेचा फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा आहे. सवलतीचा रकाना ताईने रिकामा ठेवला आहे. त्या वेबसाइटला मी काल तिसरी ईमेल पाठवली. या वेळी भाचीच्या स्क्रीन रीडरचा आवाज रेकॉर्ड करून सोबत जोडला आहे, चारही पर्यायांचा.