काळ्या स्क्रीनला घाबरणाऱ्या डेव्हलपर मंडळींसाठी

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक वाद कायम रंगतो: डेव्हलपरला लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) आणि कमांड लाइन (काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून काम करायची पद्धत) यायलाच हवी का? नवी पोरं म्हणतात, कशाला? व्हीएस कोड या एडिटरमध्ये गिटची (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या टूलची) बटणं आहेत, कोड सर्व्हरवर चढवायचं काम पाइपलाइन आपोआप करते, अडलंच तर एआयला विचारायचं. यावर आमच्या वयाची दोन-चार मंडळी लगेच 'आमच्या वेळी...' सुरू करतात आणि वाद तिथेच भरकटतो.

मला विचाराल तर यायला हवी. लॅपटॉपवर विंडोज ठेवा नाहीतर मॅक, माझं काही म्हणणं नाही. पण तुमचा कोड त्या लॅपटॉपवर थोडाच राहणार आहे? क्लाउडच्या, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरांच्या, मेनूत मुंबई रीजन निवडून तुम्ही जे मशीन सुरू करता, ते बहुतेक वेळा लिनक्सचंच असतं. डॉकर हे टूल ॲप्लिकेशन ज्या बंदिस्त डब्यांत चालवतं, ते नेहमीचे कंटेनर लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, जिवावर चालतात. विंडोजवर किंवा मॅकवर डॉकर टाकलं की ते गुपचूप आत एक लिनक्स उभं करतं. जगातल्या ५०० सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतली सगळीच्या सगळी मशीन्स नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. आणि ज्या गिटच्या बटणांचं कौतुक चाललंय, ते गिटसुद्धा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सचाच कोड सांभाळायला लिहिलं.

आता एक प्रसंग, आमच्या धंद्यात वारंवार घडणारा. रात्री ॲप्लिकेशन बंद पडतं. डॅशबोर्ड लाल. सर्व्हरवर शिरलात की समोर फक्त लुकलुकणारा कर्सर, माउसचा काही उपयोग नाही. 'डीएफ' ही कमांड मारली की कळतं, डिस्क १०० टक्के भरली आहे. कुणी किती जागा खाल्ली ते सांगणारं 'डीयू' लावत फोल्डर-फोल्डर उतरत गेलात की सापडते एक अवाढव्य लॉग फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनच्या नोंदींची फाइल. उडवली. परत 'डीएफ' मारलं. डिस्क अजूनही १०० टक्के!

इथे भल्याभल्यांना घाम फुटतो. फाइल तर गेली, मग जागा कुठे गेली? युनिक्स घराण्यात फाइलचं नाव आणि फाइलमधला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. फाइल उडवायच्या 'आरएम' कमांडनं फक्त नाव पुसलं जातं. पण एखाद्या प्रोसेसनं, म्हणजे चालू प्रोग्रामनं, ती फाइल उघडून धरली असेल, तर ती सोडेपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच बसून राहतो. उघड्या फाइलींची यादी देणारं 'एलएसओएफ' चालवा, त्यात 'डिलिटेड' असं लिहिलेल्या ओळी 'ग्रेप'नं शोधून काढा, कोणत्या प्रोसेसनं धरून ठेवलंय ते दिसतं. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. काम पाच मिनिटांचं. पण हे माहीत नसेल तर माणूस घाबरून आणखी फाइली उडवत सुटतो, आणि नको ते उडवून बसतो.

किरकोळ नमुने तर रोजचे. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) सर्व्हरवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत रुसते, कारण ओळीच्या शेवटी विंडोजनं एक न दिसणारं जादा अक्षर ठेवलेलं असतं. फाइलच्या नावात एक अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला चालतं, लिनक्सला नाही. मग 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे राष्ट्रगीत सुरू.

एआयचा मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटतो. कमांड पाठ करायची गरज संपली, आणि बरंच झालं. फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या 'टार'चे ऑप्शन मला आजही आठवत नाहीत. पण एआयसमोर परमिशनची एरर चिकटवली आणि उत्तरात 'सीएचमॉड ७७७' आलं, तर ते चालवायचं की नाही हे ठरवणार कोण? त्या तीन सातांनी मशीनवरच्या झाडून सगळ्या युझरांना त्या फाइलवर लिहायचा हक्क मिळतो. एरर जाते, दार उघडं राहतं. कमांड कुणीही सांगो, एंटर तुम्ही दाबता.

दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही मला तेवढाच कंटाळा आहे. विम (निव्वळ कीबोर्डवर चालवायचा एडिटर) न वापरणारा डेव्हलपरच नाही, उबुंटू (लिनक्सचा एक सोपा अवतार) म्हणजे बालवाडी, वगैरे. नवीन पोरीनं साधा प्रश्न विचारला की 'मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाच' म्हणून तिला वाटेला लावणारे हे लोक. अरे, तुम्हीही कुणाला तरी विचारूनच शिकलात ना? शिवाय सगळ्यांना सारखंच लागतं असंही नाही. फक्त स्क्रीनचं काम करणाऱ्याचं थोडक्यात भागतं. बॅकएंड, डेटा, डेव्हऑप्सवाल्यांना (सर्व्हर सांभाळणाऱ्यांना) सुटका नाही. फाइली, परमिशन, प्रोसेस, पोर्ट, लॉग वाचणं, पाइप लावून एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणं, एसएसएचनं दूरच्या सर्व्हरवर शिरणं. एवढं समजून आलं की गाडी अडत नाही.

कॉलेजात हे शिकवत नाहीत असंही नाही. शिकवतात, पण प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. पुढच्या बाकावरचं आउटपुट उतरवायचं, सह्या घ्यायच्या, व्हायवाला 'एलएस म्हणजे लिस्ट' सांगून सुटायचं. इंटरव्ह्यूत अशी मुलं समोर येतात, डोक्यानं हुशार असतात, पण मोठ्या लॉगमधून एक एरर शोधायला सांगितली की फाइल डाउनलोड करून नोटपॅडमध्ये उघडायला निघतात.

आणि हे सगळं फुकट आहे हो. आपल्या पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात लिनक्सचे धडे चक्क मराठीतून ऐकायला मिळतात. घरातला रडतखडत चालणारा जुना लॅपटॉप हलक्या लिनक्सवर बऱ्यापैकी पळतो. विंडोज पुसायची हिंमत होत नसेल तर तेही नको. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. २०१६ पासून तीच कंपनी विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय देते. पॉवरशेल (विंडोजची कमांड लाइन) ॲडमिन म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल', स्पेस, दोन डॅश, 'इन्स्टॉल' टाइप करा, मशीन रीस्टार्ट करा. उबुंटू हजर. त्यात पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, तेव्हा कीबोर्ड बिघडला म्हणून मला फोन करू नका, ते तसंच असतं.