हात लावू नका, वाळतंय

आमच्या घरात काहीही मोडलं की बाबांचा चेहरा खुलतो. छत्री मोडू दे नाहीतर इस्त्री जळू दे, "टाकू नकोस गं, आण इकडे" अशी हाक येतेच. निवृत्तीनंतर बाबा अमूर्त शिल्पं करायला लागले आहेत. उंची वीतभर, पण अंगावर निम्मं घर असतं: छत्रीच्या काड्या, पर्सची चेन, दाढेचा एक्स-रे, बाहुलीचा एक हात. अलीकडे धडधाकट वस्तूंकडेही ते त्याच नजरेने बघतात. मी रात्री चष्मा उशाशी नाही, उशीखाली ठेवते.

विरोध करायची सोय नाही. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, हे बाबांनी कुठेतरी वाचलं आणि आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की भावाने सायकलला दुसरं कुलूप लावलं. सीटला.

खरी कसोटी धूळ पुसताना लागते. लोकर ओली करायची नाही, गंज पुसायचा नाही (तो मुद्दाम आणलेला असतो), आणि पिसाला फुंकरसुद्धा सोसत नाही. त्यात चिकटवण्याची तऱ्हा. ग्लू गनचा गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो आणि शिल्प मान टाकतं. प्लॅस्टिकच्या झाकणांवर सुपरग्लू धड धरत नाही, त्यामुळे फडकं नुसतं जवळून गेलं तरी एखादं झाकण टपकन खाली. एपॉक्सी मात्र पक्कं, पण पुरतं कडक व्हायला दिवसभर घेतं. तोवर जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी: "हात लावू नका, वाळतंय." आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

पाहुणे आले की "हे काय आहे?" हा प्रश्न ठरलेला. बाबा नुसते हसतात. उत्तर आम्ही द्यायचं. मी ब्रांकुशी या अमूर्त शिल्पं करणाऱ्या शिल्पकाराचा दाखला देते. त्याचा ब्राँझचा पक्षी १९२६ साली अमेरिकेत पोचला, तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात टाकून ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८ मध्ये तो कलाकृती ठरला. बाबांच्या शिल्पाला तोच शिक्का बसला तर मात्र कस्टमवाल्यांना बोल लावता येणार नाही. त्यात खरोखरच कुकरची शिट्टी आणि सलाईनची नळी आहे.

पुसून परत ठेवताना वरची बाजू कुठली, हा पेच वेगळाच. परवा वैतागून मी बाबांना लंडनच्या रॉयल अकॅडमीची गोष्ट सांगितली. २००६ च्या प्रदर्शनासाठी एका शिल्पकाराने पाठवलेलं हसरं डोकं आणि त्याखालची पाटीच्या दगडाची बैठक यांची तिथे ताटातूट झाली. परीक्षकांना वाटलं, ही दोन वेगळी शिल्पं. त्यांनी डोकं नाकारलं आणि नुसती बैठक, वर डोक्याला टेकू म्हणून दिलेल्या लाकडाच्या तुकड्यासकट, प्रदर्शनात मांडली.

मला वाटलं, बाबा जरा वरमतील. ते बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे बैठकच महत्त्वाची," ते म्हणाले, आणि मी बसले होते त्या स्टुलाकडे टक लावून बघू लागले. "ऊठ बघू जरा."